जिला पाणी ठाऊक आहे

१९६१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडाच्या मत्स्य खात्याने व्हँकुवर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हर या गावाजवळ, सेमूर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठावर, एक मशीनगन बसवली. ती रोखली होती ऑर्कांवर. 'किलर व्हेल' या नावाने आपण ज्याला ओळखतो तो हा काळापांढरा प्राणी. आमच्या वाट्याचे सॅमन मासे हे जनावर फस्त करतं, अशी तिथे गळ टाकायला येणाऱ्या हौशी मंडळींची आणि त्यांच्यावर चालणाऱ्या विश्रामगृहांची तक्रार होती. ती बंदूक प्रत्यक्षात एकदाही डागली गेली नाही. मात्र एका सुसंस्कृत सरकारला ती बसवावीशी वाटली, आणि त्यात त्या काळी फारसं कुणाला वावगं वाटलं नाही.

दहाच वर्षांनी कॅनडा सरकारच्याच सेवेतल्या एका शास्त्रज्ञाने वेगळा प्रश्न विचारला. मायकेल बिग हे नानायमोच्या संशोधन केंद्रात काम करत. या किनाऱ्यावर ऑर्का आहेत तरी किती? लोक हजारोंच्या गोष्टी करत. बिग यांनी दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार, नौकावाले अशा लोकांना सुमारे १५,००० प्रश्नपत्रिका वाटल्या. २६ जुलै १९७१ या एकाच दिवशी जिथे जेवढे ऑर्का दिसतील तेवढे लिहून पाठवा, एवढीच विनंती. उत्तरांवरून अंदाज निघाला २०० ते ३५० चा. पुढे छायाचित्रं तपासताना बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की पाठीवरच्या उंच पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि परामागचा करडा डाग प्रत्येक प्राण्यात वेगळा असतो. प्रत्येकाला क्रमांक मिळाला. आणि एकदा व्यक्ती ओळखता येऊ लागल्यावर नाती दिसू लागली: ही आई, हा तिचा थोरला, ही त्यांची आजी.

या लेखात ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या मावशी याच दशकात, १९७३ साली, देवगडहून मुंबईमार्गे कॅनडात उतरल्या. कॅनडाने वंश आणि देश पाहून प्रवेश देण्याची जुनी पद्धत मोडून १९६७ मध्ये शिक्षण-कौशल्यावर गुण देणारी पद्धत आणली होती, आणि त्या दारातून शिरलेल्या सुशिक्षित भारतीयांपैकी त्यांचे यजमान एक होते. व्हिक्टोरियाजवळ जहाजदुरुस्तीच्या गोदीत त्यांना नोकरी मिळाली. मावशींनी इथे पुन्हा परीक्षा दिल्या आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केलं. माझ्या आईची ही शाळेतली मैत्रीण. आज वय सत्त्याहत्तर. नाव छापू नकोस एवढी एकच अट त्यांनी घातली, ती मी पाळते आहे.

डॅलस रोड

व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबियाची राजधानी असली, तरी कॅनडाभर तिची ओळख निवृत्तांचं शहर अशी आहे. समुद्रामुळे इथला हिवाळा सौम्य असतो, बर्फ क्वचित पडतं. शहराच्या दक्षिण टोकाला डॅलस रोड समुद्राला लागून जातो. समोर हुआन दे फूकाची सामुद्रधुनी, पलीकडे अमेरिकेतले ऑलिंपिक पर्वत. पश्चिमेला रेस रॉक्सचं १८६० सालचं दीपगृह, पूर्वेला वळसा घेतला की हॅरो सामुद्रधुनी. मालवाहू जहाजं, फेऱ्या, नौदलाच्या नौका आणि देवमासे असे सगळे याच पाण्यातून ये-जा करतात.

मावशींचं घर या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर, जेम्स बे नावाच्या जुन्या वस्तीत आहे. २०१४ मध्ये यजमान गेले. त्याआधी चाळीस वर्षं समुद्र इतका जवळ असून आपण तो नीट पाहिला नाही असं त्या सांगतात. नोकरी, दोन मुलं, सासरच्या माणसांसाठी विमानाच्या तिकिटांची जुळवाजुळव, शनिवारी मराठी कुटुंबांचं जेवण, यातच दिवस गेले. एकट्या पडल्यावर सकाळी चालायला जाऊ लागल्या. रोज त्याच बाकावर बसणाऱ्या एका वयस्क शेजारणीने एकदा आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. पुढचं शिक्षण त्या बाकावरच झालं.

मी त्यांच्यासोबत तिथे होते तेव्हा सप्टेंबर होता. हवेत गारवा, पाणी शिशासारखं करडं. मला लाटांखेरीज काही दिसत नव्हतं. मावशींनी दुर्बीण न लावताच हात वर केला.

"चार आहेत. काठाने चाललेत, म्हणजे सीलच्या मागे. बिग्ज."

"लांबून कसं कळतं हो मावशी?"

"पराचं टोक बघ, सुईसारखं. आणि मागचा करडा डाग भरीव, मधे काळं नाही. शिवाय खाली गेले की कुठे वर येतील याचा नेम नाही. सॅमनवाले असे लपतछपत जात नाहीत."

त्यांनी लगेच फोन काढला आणि वेळ, जागा, संख्या, दिशा भरून पाठवली. ब्रिटिश कोलंबियात सामान्य लोकांनी कळवलेल्या अशा नोंदी गोळा करणारी व्यवस्था पंचवीसेक वर्षं चालू आहे. २०१८ पासून त्या नोंदींवरून जहाजांच्या पायलटांना आणि फेरीच्या कप्तानांना सूचना जाते, म्हणजे वेग कमी करता येतो किंवा मार्ग बदलता येतो. किनाऱ्यावर बसून पाहण्यात आणखी एक सोय आहे: प्राण्याला त्रास होत नाही. इंजिनाच्या आवाजात ऑर्कांना प्रतिध्वनीवरून मासा शोधणं कठीण होतं, म्हणूनच वॉशिंग्टन राज्याने जानेवारी २०२५ पासून संकटात असलेल्या दक्षिणेकडच्या ऑर्कांपासून नौकांनी हजार यार्ड दूर राहावं असा कायदा लागू केला. बाकावरच्या म्हातारीला कुठलाच कायदा आड येत नाही.

दोन तऱ्हा

मावशी ज्यांना 'सॅमनवाले' म्हणतात ते 'सदर्न रेसिडंट' ऑर्का. जे, के आणि एल अशी त्यांची तीन घराणी. अमेरिकेच्या बाजूला, सान हुआन बेटावर, केन बालकम यांनी १९७६ मध्ये त्यांची वार्षिक नोंद सुरू केली. २०२२ च्या अखेरीस ते वारले, पण काम थांबलेलं नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी या घराण्यांतली पिल्लं जाळी टाकून पकडली गेली आणि त्यांची एक पिढीच खंडित झाली. १९९५ मध्ये संख्या ९८ पर्यंत चढली, मग घसरली. १ जुलै २०२४ च्या गणनेत ७३ होते. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे ते धोक्यात आलेले म्हणून नोंदलेले आहेत. त्यांचं मुख्य अन्न चिनूक सॅमन, आणि नद्यांवरची धरणं, अतिमासेमारी, बिघडलेले ओढे यांमुळे चिनूक कमी झाले आहेत. त्यात जहाजांचा गोंगाट आणि चरबीत साठणारी विषारी रसायनं.

या ऑर्कांत मुलगा आईला सोडून जात नाही, आणि मुलगीही जात नाही. नर राहतो आईजवळच, मरेपर्यंत. सहा-सात टनांचा, माणसापेक्षा उंच पर असलेला नर आईच्या बाजूने पोहताना दिसतो. प्रत्येक घराण्याची हाक वेगळी असते, हे जॉन फोर्ड यांनी पाण्याखालचे आवाज ध्वनिमुद्रित करून दाखवून दिलं. पिल्लू ती हाक आपल्या माणसांकडूनच शिकतं. १९७० मध्ये पेन कोव्ह इथे पकडलेली टोकिटे नावाची एल घराण्यातली पोर अर्धशतकाहून अधिक काळ मायामीच्या टाकीत राहिली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथेच मेली. तिला परत आणण्यासाठी इथल्या लमी या मूलनिवासी लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला होता. त्यांच्या लेखी ऑर्का म्हणजे नातेवाईक. अखेर तिची रक्षा लमींच्या किनाऱ्यावर आली.

बिग्ज ही दुसरी तऱ्हा. शास्त्रज्ञ बिग यांच्याच नावावरून हे नाव पडलं. दिसायला जवळजवळ सारखे, पाणी तेच, तरी या दोघांत लाखो वर्षं संकर नाही. बिग्ज मासे खात नाहीत. सील, सी लायन, पॉरपॉइज ही त्यांची शिकार. सीलला चाहूल लागली की तो निसटतो, म्हणून ते गुपचूप, लहान टोळीने फिरतात. टोळी तीन-चारांची असली तर प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसं येतं. त्यामुळे त्यांच्यात मुलं आईपासून वेगळी होतात. विशेषतः लेकी स्वतःची पिल्लं घेऊन निराळा संसार थाटतात. पुढे कधी भेटतात, काही दिवस एकत्र फिरतात, परत पांगतात. सील वाढले तसे बिग्जही वाढले आणि आता डॅलस रोडवरून तेच जास्त दिसतात.

"आम्ही बिग्ज," मावशी सहज म्हणाल्या. "पोटामागे गेलेली माणसं. मी देवगड सोडलं, मुलगा कॅलगरीला गेला, मुलगी टोरांटोला. सॅमनवाल्यांचं बघून आधी फार वाईट वाटायचं. वाटायचं, यांना जमलं ते आपल्याला का नाही जमलं. मग कळलं की जमायचा प्रश्नच नाही. जे खाता येतं त्यावर घर कसं राहणार ते ठरतं."

घर सोडून गेलेल्या माणसाच्या मनातला सल हलका करणारं इतकं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. आपण परदेशी गेलेल्या मुलांना कृतघ्न म्हणतो किंवा मागे राहिलेल्या आईबापांना बिचारे म्हणतो. दोन्ही बाजूंना शिक्षा होते. एकाच पाण्यात दोन प्रकारची घरं लाखो वर्षं टिकतात, आणि दोन्हींत आईची माया कमीजास्त नसते, हे डॅलस रोडवरून दिसतं.

म्हातारीचं काम

ऑर्का मादीला साधारण चाळिशीनंतर पिल्लं होत नाहीत, पण ती पुढे कित्येक दशकं जगते. प्रजननक्षमता संपल्यानंतरचं असं दीर्घ आयुष्य सस्तन प्राण्यांत फार विरळ आहे. माणूस सोडला तर ते मुख्यतः दात असलेल्या देवमाशांच्या मोजक्या जातींत आढळतं. निसर्ग सहसा निरुपयोगी गोष्ट पोसत नाही. मग ही म्हातारी कशासाठी जगते?

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे डॅरेन क्रॉफ्ट आणि त्यांचे सहकारी यांनी बालकम यांच्या अनेक दशकांच्या नोंदी घेऊन उत्तर शोधलं. २०१२ साली त्यांनी दाखवलं की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मरणाचा धोका जवळपास १४ पट वाढतो. २०१९ मध्ये निघालं की प्रजनन थांबलेली आजी मेल्यावर दोन वर्षांत नातवंडांच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. आणि २०१५ मधला निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सॅमन शोधायला जाताना या वयस्क माद्या कळपाच्या पुढे असतात, आणि ज्या वर्षी सॅमन कमी, त्या वर्षी तर आणखी ठळकपणे. अडचणीच्या वर्षी कुठल्या नदीच्या मुखाशी, कुठल्या भरतीला, कुठल्या खडकाच्या आडोशाला मासा मिळतो, हे तिने आधीच्या दुष्काळात पाहिलेलं असतं.

जे घराण्यातली जे-२, जिला सगळे 'ग्रॅनी' म्हणत, अशीच पुढे पोहायची. तिचं वय काही जण शंभरावर सांगत, नंतरच्या अभ्यासकांना ते बरंच कमी वाटलं. २०१६ च्या ऑक्टोबरनंतर ती दिसली नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत तिच्याजवळ एक परका नर असे, ओनिक्स नावाचा. तो जन्माने एल घराण्यातला. आई वारल्यावर तो के घराण्यातल्या म्हाताऱ्या माद्यांच्या आश्रयाला गेला. त्या एकामागून एक गेल्या तसा जे घराण्यात आला आणि तिथेही म्हाताऱ्यांच्याच सोबत राहिला. मावशींचा हा लाडका. "ज्याला कुणी नाही त्याने म्हाताऱ्या बाईला धरावं," असं त्या ठासून सांगतात, आणि ते विज्ञानाला धरूनच आहे.

२०१८ च्या जुलैत जे-३५ ही मादी व्हिक्टोरियाजवळ व्याली आणि पिल्लू अर्ध्या तासात गेलं. ते डोक्यावर तोलत ती सतरा दिवस पोहत राहिली. सारं शहर रोज बातम्या पाहत होतं. "आपल्याकडे तेरा दिवसांत उठावं लागतं, कामाला लागावं लागतं," मावशी म्हणाल्या. "तिने सतरा घेतले. मला वाटलं, घे गं बाई, कुणी घाई करू नका तिला." जे-३५ ला २०२० मध्ये मुलगा झाला, तो जगला. २०२४ च्या अखेरीस झालेली मुलगी पुन्हा गेली आणि पुन्हा तिने तिला वाहून नेलं.

कॅलगरीचा आग्रह

मावशींचा मुलगा कॅलगरीत ऊर्जाक्षेत्रात इंजिनियर आहे. आईने आता आपल्याकडे यावं असं त्याला वाटतं, आणि त्याचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. तो फोनवर मला म्हणाला, "आई गेल्या वर्षी जिन्यात घसरली. कुणी नव्हतं. मी विमानात बसून पोचेपर्यंत पाच तास लागतात. तिच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली तयार आहे. मुलं आहेत. तिला तिथे एकटीला काय आहे?"

मावशींनी याचं उत्तर आपल्या आईच्या गोष्टीतून दिलं. १९७९ च्या ऑक्टोबरात, या मुलाच्या बाळंतपणासाठी, त्यांच्या आईला त्यांनी देवगडहून बोलावून घेतलं होतं. देवगडात ही बाई म्हणजे घरचा कारभार. वारा कुठून आला यावरून मचवे आज वेळेवर येणार की नाही ते सांगायची. कुठल्या कलमाला यंदा मोहर धरणार, कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाचं देणं राहिलंय, सगळं तिच्या डोक्यात. व्हिक्टोरियात बाळाला तेल लावून, अंघोळ घालून झाली की उरलेला दिवस ती खिडकीशी बसायची. चार वाजता अंधार. दुकानातली फळं अनोळखी, रस्त्यावरची माणसं अनोळखी, समोरच्या समुद्राला भरती केव्हा हेही ठाऊक नाही. एकदा ती म्हणाली, "हंय माका काय कळणा नाय, गो." वसंतात परत गेली ती पुन्हा आली नाही. १९८८ मध्ये ती वारली. मावशी तेराव्याला पोचल्या.

"तेव्हा मला वाटलं थंडीने कंटाळली," त्या म्हणाल्या. "आता या ऑर्कांचं वाचते तेव्हा समजतं. तिचं शहाणपण देवगडच्या पाण्यातलं होतं. मी तिला त्या पाण्यातून काढलं. माझ्याकडे आली तेव्हा नुसती म्हातारी झाली."

हे ऐकल्यावर त्यांचा कॅलगरीला नकार मला हट्ट वाटेना. म्हातारपणी माणूस कुठे राहतो याचा विचार आपण औषध, जिना, रुग्णालय आणि सोबत एवढ्यावर करतो. हे सगळं लागतंच. पण म्हाताऱ्या माणसाची पत त्याला काय ठाऊक आहे यावर उभी असते, आणि ते ठाऊक असणं बहुतेक वेळा एका जागेला बांधलेलं असतं. चिनूक कमी असलेल्या वर्षी जे-२ पुढे होती, कारण ते पाणी तिचं होतं. तिला अटलांटिकात नेऊन सोडली असती तर ती मागे राहिली असती, आणि तिच्या मागच्यांना ती ओझं वाटू लागली असती.

मावशींनी सत्तरीत नवं पाणी शिकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. देवगडात जशी त्यांच्या आईला घराघरांची वंशावळ पाठ, तशी त्यांना आता जे, के, एल पाठ आहेत. बाकावर येणारे शाळकरी विद्यार्थी, नवे रहिवासी, सुट्टीतले पर्यटक त्यांना विचारतात. २०१५ मध्ये कोकणातल्या देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या 'कोंकण सिटेशियन रिसर्च टीम'ला देवगडजवळच्या कुणकेश्वरसमोर पिल्लासह निळा देवमासा दिसला, तेव्हा भावाने पाठवलेली ती बातमी मावशींनी बाकावरच्या सगळ्यांना भाषांतर करून ऐकवली. माझ्या माहेरच्या समुद्रातही आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज आजही चढतो.

मुलाशी त्यांनी एक करार केला आहे. दोन्ही नातवंडं शाळेची सुट्टी लागली की ऑगस्टभर व्हिक्टोरियात येतात. थोरल्या नातीला परावरून नावं ओळखता येतात, आणि ती कॅलगरीला परतल्यावर आजीला फोन करून त्या दिवशीच्या नोंदी विचारते. घसरल्यावर दाबायचं बटण मावशींनी गळ्यात घातलं आहे, जिन्याला दुसरा कठडा बसवला आहे, आणि शेजारच्या दोघींकडे किल्ली दिली आहे. "पाय गेले, डोळे गेले की येईन म्हणाले. लिहून दिलंय त्याला. पण तोवर त्यांनी इकडे यायचं."

मला हा करार पुण्या-मुंबईतल्या आणि न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घराने वाचावा असा वाटतो. कॅनडाने २०११ पासून आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' दिला आहे, २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षंही राहता येतं. सोय झाली हे चांगलंच. पण कोकणातलं, साताऱ्यातलं, वऱ्हाडातलं घर बंद करून आईला मुलाच्या दिवाणखान्यात आणायच्या आधी तिला एकदा विचारायला हवं: तुला इथलं काय काय ठाऊक आहे? यादी करायला बसलं तर ती लांब होईल. विहिरीचं पाणी कधी आटतं, गावात कुणाच्या शब्दाला वजन आहे, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं आणि कुठल्याकडे नाही. ती यादी वाचूनही तिला न्यावंच लागलं, तर न्यावं, आणि नव्या जागी तिला काहीतरी ठाऊक व्हावं यासाठी वेळ, सोबत आणि एक दुर्बीण द्यावी. आणि न्यावं लागत नसेल, तर तिकिटं उलट दिशेची काढावीत, मुलांना तिच्याकडे पाठवावं, कारण वाईट वर्ष आलं की पुढे कोण पोहणार हे त्यांना तिच्याकडूनच शिकायचं आहे.